पोस्टाची तिकिटं मागवून २२ दिवस झाले, विक्रेता उत्तर देत नाही. फसलो का?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १९४८ च्या गांधी तिकिटांपैकी खालच्या किमतीची तीन आणि काही जुनी फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं) घेतली, ११५० रुपये भरले. "दोन दिवसांत टाकतो" असं उत्तर आलं, आणि त्यानंतर व्हॉट्सॲपवर वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात पण शब्द नाही. आज २२ वा दिवस.

बहुतेक फसला नाहीत. पण २२ या आकड्यावरून काहीच कळत नाही. त्यातले किती दिवस विक्रेत्याच्या टेबलावर गेले आणि किती पोस्टाच्या थैल्यात गेले, ते वेगळं काढल्याशिवाय राग कोणावर काढायचा हेही ठरवता येत नाही.

मी तुमच्याच जिल्ह्यातला. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे वही घालायची खोड आहे. तिकिटं ऑनलाइन घ्यायला लागलो तेव्हापासून एक वही ठेवली. तिच्यात चार रकाने: पैसे कधी दिले, पाकिटावरचा शिक्का कधीचा, हातात कधी पडलं, आणि मधल्या काळात विक्रेता किती वेळा बोलला. शिक्क्याचा रकाना तिकिटं जमवणाऱ्यालाच सुचेल. बाकीचे लोक पाकीट फाडून फेकतात. आपण मात्र शिक्का वाचण्यातच जन्म घालवलाय, तर तो इथंही वाचावा.

स्पीड पोस्टाच्या पाकिटावर तर स्टिकरच असतो. कोणत्या पोस्टातून, कोणत्या तारखेला, किती वाजता, वजन किती, पैसे किती, सगळं छापलेलं. साध्या टपालाला गोल शिक्का पाहायचा, पुसट असेल तर भिंग घ्यायचं. माझ्या वहीत शिक्क्यापासून घरापर्यंत बहुतेक वेळा पाच ते नऊ दिवस लागलेत. पावसाळ्यात बारा-तेरा. म्हणजे ज्या पाकिटाला महिना लागला, त्यातले वीस दिवस ते कोणाच्या तरी कपाटावर पडून होतं, आणि त्या वीस दिवसांत मी मात्र आमच्या पोस्टमनचं डोकं खात होतो.

तो बिचारा रोज सांगायचा, "भाऊ, थैल्यात असन तं देईनच ना बाप्पा. थैल्यातच नाही तं मी कुठून आणू?"

खेड्यातलं पोस्ट कसं चालतं हे बाहेरच्या विक्रेत्याला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही अर्धंच ठाऊक असतं. आपलं गावातलं पोस्ट म्हणजे शाखा डाकघर. ग्रामीण डाकसेवक दिवसातले काही तास ते उघडतो. थैला तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या उपडाकघरातून येतो. ट्रॅकिंगमध्ये "उपडाकघरात पोहोचलं" असं दिसलं की आपण खूश होतो, पण तिथून गावापर्यंतचे शेवटचे वीस किलोमीटर थैला कशानं येतो आणि कोणत्या दिवशी येतो, ते स्क्रीनवर नसतं. नाल्याला पूर आला, बस आली नाही, मध्ये रविवार आणि पोळा आला, की झाले चार दिवस. घरी कोणी सापडलं नाही तर वस्तू साधारण सात दिवस पोस्टात थांबते आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरदार शेतात असतं, तेव्हा हे होतं. म्हणून पोस्टमनला आधीच सांगून ठेवा की माझं काही आलं तर अमक्या दुकानात द्या. मी किराणा दुकान सांगून ठेवलंय.

आता पत्ता. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती इथंच झाली.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी. एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात प्रत्येक भाषेत पत्ता वेगळा, हाच घोळ त्यांना सोडवायचा होता. आकडे पाहा: ४४ म्हणजे आपला विदर्भ, ४४५ म्हणजे यवतमाळकडचा भाग, शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट. गावातल्या शाखा डाकघराला स्वतःचा वेगळा पिन नसतो, ज्या उपडाकघराखाली ते येतं त्याचाच पिन चालतो. म्हणजे एका पिनखाली आठ-दहा गावं सहज निघतात, आणि पिंपळगाव, सावरगाव, बोरगाव ही नावं तर विदर्भात जिकडेतिकडे.

मी एकदा घाईत ४४५ च्या जागी ४४४ लिहिलं आणि जिल्हा लिहायचा राहिला. ४४४ म्हणजे अकोला-अमरावतीकडे. पाकीट तिकडच्या आमच्याच नावाच्या गावी गेलं, तिथं पडून राहिलं, मग कोणीतरी शहाण्या माणसानं निळ्या पेनानं दुरुस्ती करून इकडे वळवलं. तोवर ५१ दिवस झाले होते. मी त्या विक्रेत्याला काय काय लिहिलं ते इथं लिहिणार नाही. सगळ्यांना दिसेल असा शेराही मारला होता, "लुटारू" ह्या शब्दासकट. पाकीट आलं, शिक्का पाहिला, तर पैसे मिळाल्यापासून तिसऱ्या दिवसाचा. तो माणूस चोख होता. शेरा काढला, माफी मागितली. त्याचं उत्तर आलं, "होतं असं". पुढच्या खरेदीत त्यानं संत गाडगेबाबांचं १९९८ चं तिकीट न मागता घातलं होतं. ते मी अल्बममध्ये लावलेलं नाही, त्या वहीतच ठेवलंय.

उलटाही अनुभव आहे. एकानं दोन दिवसांत ट्रॅकिंग नंबर पाठवला, आणि त्या नंबरवर दहा दिवस "माहिती उपलब्ध नाही". विचारलं की म्हणायचा, साइट बंद आहे. पाकीट आलं तेव्हा स्टिकरवर बुकिंगची तारीख नंबर दिल्यानंतर अकरा दिवसांची. बारकोडचा स्टिकर घरी आणून ठेवला असेल आणि नंबर तेवढा मला दिला असेल. फोटो काढून त्याला पाठवला. निळ्या खुणा आल्या, शब्द नाही. त्याच्याकडून घेणं बंद केलं. माल तसा चांगला होता, हेही सांगतो.

ह्या दोघांत फरक काय? पहिल्याकडे उशीर झाला पण त्याची चूक नव्हती, दुसऱ्याकडे उशीर साधाच होता पण तो खोटं बोलला. अकरा दिवस मी सहज थांबलो असतो. "शेतात काम आहे, पुढच्या सोमवारी टाकतो" एवढं लिहायला किती वेळ लागतो?

बराच लागतो, हे मला नंतर कळलं. एक वर्ष मीही माझ्याकडची डुप्लिकेट, म्हणजे एकाहून जास्त असलेली, तिकिटं विकून पाहिली. नोव्हेंबरपासून जिनिंग सुरू झालं की रात्री नऊला घरी यायचो. चाळीस रुपयांचं तिकीट घेणारा माणूस दिवसातून तीनदा "सर?" असं पाठवायचा. तिकीट चिमट्यानं काढा, पारदर्शक पाकिटात घाला, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, पत्ता लिहा आणि पोस्ट उघडं असतं त्या वेळेत जा, जेव्हा मी नोकरीवर असतो. आठवड्यातून एकदा जमायचं. उत्तर देणं टाळायचो, कारण उत्तरात "अजून टाकलं नाही" असंच लिहावं लागलं असतं. ह्या धंद्यातले बरेच लोक असेच आहेत, एकटे, नोकरी करून किंवा निवृत्तीनंतर छंदातून विकणारे. मागे गोदाम नाही, माणसं नाहीत.

त्यात टपालाचा खर्च वाढला. पूर्वी कमी पैशांत रजिस्टर करून पाठवता यायचं. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टात विलीन झालं. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानं ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट दूरच्या गावी पाठवायला ४७ रुपये, वर जीएसटी. म्हणजे ५५ च्या पुढेच. वीस रुपयांच्या तिकिटावर ५५ रुपये कोण भरतो? म्हणून विक्रेते थांबतात, आणखी काही घ्याल का म्हणून वाट पाहतात, किंवा गुपचूप साध्या टपालानं टाकतात आणि नंबर विचारला की गप्प बसतात. तुमच्या ११५० च्या खरेदीला मात्र ही सबब चालत नाही.

तेव्हा आज हे करा. "सर प्लीज रिप्लाय" असलं काही नको. एकच संदेश पाठवा: अमक्या तारखेला ११५० भरले, व्यवहार क्रमांक अमुक, वस्तू अमुक. पाकीट पोस्टात टाकलं का? टाकलं असेल तर तारीख आणि नंबर द्या. टाकलं नसेल तर कोणत्या दिवशी टाकणार ते सांगा. शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर पैसे परत मागेन. पुन्हा पूर्ण पत्ता द्या, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन आणि मोबाइल नंबर. आणि एवढं जास्तीचं लिहा की कुरिअरनं पाठवू नका, पोस्टानंच पाठवा. कुरिअरवाल्याची हद्द बऱ्याचदा तालुक्याला संपते. मग फोन येतो, "या अन् घेऊन जा", आणि साठ रुपये बसभाड्यात जातात.

शुक्रवार गेला तर पुढचं तुम्ही पैसे कसे भरले त्यावर आहे. एखाद्या साइटमार्फत घेतलं असेल तर तिथंच तक्रार टाका, आणि मुदत उलटू देऊ नका. काही विक्रेते "दोन दिवस, दोन दिवस" करत ती मुदतच घालवतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. पेपालनं परदेशी विक्रेत्याला भरले असतील तर १८० दिवस हातात असतात. पण व्हॉट्सॲपवर ठरवून थेट यूपीआयनं पाठवले असतील, तर ते पैसे त्या माणसाच्या मर्जीवर आहेत असंच धरा. त्यानं नंबर ब्लॉक केला किंवा तो तीच तिकिटं चारचौघांना विकताना दिसला, तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, आणि तो उशिरा नाही, लगेच. नुसत्या अबोल्यासाठी १९३० नको.

पुढच्या वेळी पैसे देण्याआधी एक क्षुल्लक प्रश्न विचारून पाहा, "मागच्या बाजूचा फोटो पाठवता का?" तिकिटाची मागची बाजू तशीही पाहायलाच हवी, गोंद आहे का, हिंजचा (तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग आहे का, गंजासारखे पिवळे ठिपके आहेत का. पण मला त्यातून दुसरंच कळतं. पैसे मिळायच्या आधी जो चार दिवस उत्तर देत नाही, तो पैसे मिळाल्यावर काय देणार? जून ते सप्टेंबर आणखी एक सांगायचं, आत झिपची पिशवी टाका. माझी एक मिनिएचर शीट (तिकिटांचा छोटा छापील कागद) जुलैत अशी ओली आली की ती आणि पुठ्ठा आता एकच वस्तू आहे.

आणि नवी निघणारी तिकिटं तर विक्रेत्याकडून घेऊच नका. नागपूरच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, फिलाटेलिक ब्युरो आहे, तिकिटं जमवणाऱ्यांसाठीची खिडकी. तिथं किमान २०० रुपये भरून फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडता येतं. मग नवीन तिकिटं छापील किमतीत टपालानं येतात. तिथंही उशीर होतो, पण पैसे खात्यात दिसत असतात. ऑनलाइन विक्रेत्यांकडे फक्त जुन्यासाठी जायचं. जाताजाता, गांधी मालिकेतलं चौथं, दहा रुपयांचं तिकीट कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात आखडता घ्या. त्याची नकली प्रत फार फिरते.

तुमचं पाकीट मला वाटतं आठ-दहा दिवसांत येईल. आलं की बोटं घालून फाडू नका. कात्रीनं बाजूची कड कापा, तिकिटं काढून स्टॉकबुकात (तिकिटं ठेवायच्या पट्ट्यांच्या वहीत) ठेवा, आणि मग रिकामं पाकीट उजेडात धरून तारीख वाचा.