‘कन्नड येत नाही’ एवढंच कारण असतं का?

जून-जुलैत ॲडमिशन होतात आणि दिवाळी सरली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे पालक यायला लागतात. खानापूर, निपाणी, कडोली, उचगाव, कुठूनही. गाऱ्हाणं बहुतेक एकच असतं. "पोरगी बेळगावच्या कॉलेजात रमंना झालीय ओ मॅडम. मराठी मीडियमची हाय, तिथं सगळं कन्नड न्हाईतर इंग्लिश. काढून कोल्हापूरला घालावं काय?"

काळजी खोटी नाही. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, आणि मग एकदम अशा वर्गात जाऊन बसायचं जिथे पुस्तक इंग्रजी, समजावून सांगणं कन्नडमध्ये आणि विनोदही कन्नडमध्येच. सगळे हसले की आपण मागून हसायचं. ते लागतंच. पण आमच्या भागाची एक खोडही आहे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून इथे भाषेचा वाद इतका मुरलाय की कुणाला कुठेही लागलं तरी आधी भाषेचंच औषध चोळलं जातं. जखम दुसरीकडे असली तर ती तशीच राहते.

मी सांगतेय ती मुलगी बीकॉमच्या पहिल्या वर्षाची. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि तिने वाचून होकार दिल्यावरच हे लिहितेय. गाव जांबोटीच्या बाजूला. आई शेतमजुरी करते, हंगामात काजूच्या कारखान्यात जाते. आईच घेऊन आली होती.

"एक तारखेपर्यंत बरी होती," आई म्हणाली. एक तारीख म्हणजे एक नोव्हेंबर. कर्नाटकात राज्योत्सव, मराठी माणसांचा काळा दिवस. सरकारी सुट्टी असते, पण कॉलेजात झेंडावंदनाला मुलं बोलावतात. ही गेली नव्हती. "तवापासनं गप्प हाय. धड जेवंना झालीय. बायकांना बस फुकट हाय, तरी जाईना." वर्गशिक्षकांची चिठ्ठीही सोबत होती. भाषेमुळे न्यूनगंड आलाय, आत्मविश्वास वाढवावा, असा मजकूर. थोडक्यात निदान आधीच झालं होतं. मी फक्त गोळी द्यायची बाकी होती.

आईला बाहेर बसवलं. मुलांना एकटं गाठल्यावर ‘काय त्रास आहे’ असं मी सहसा विचारत नाही. त्याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. मी विचारते, डबा कुणाबरोबर खातेस?

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एका माणसाला आठवड्यात उपवास किती असतात ओ?"

मला आधी कळेना. तिने बोटांवर मोजून दाखवलं. "सोमवार धरला. गुरुवार धरला. संकष्टी, एकादशी, तेही धरलं. पण मंगळवारी पण तिला उपवास. बुधवारी पण. आणि शुक्रवारी उपवास म्हणाली, आणि मी पाणी भरायला गेले तर कॅन्टीनमध्ये मिसळ खाऊलीय."

चार मुलींचा गट होता. लेडीज रूमच्या पायरीवर डबे उघडायच्या. हिची नाचणीची भाकरी त्यातल्या एकीला फार आवडायची, ती स्वतःची चपाती हिच्यापुढे सरकवून भाकरी उचलायची. ही उपवासवाली तीच. कुणी भांडलं नाही, कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. आधी भाकरीला हात लागेनासा झाला, मग पायरीवर जागा आखडली, मग सगळ्या आधीच जेवून मोकळ्या व्हायला लागल्या. वर्गात बोलणं चालूच. नोट्सची देवाणघेवाणही चालू.

हे कधीपासून, असं विचारत मागे गेलो तेव्हा एक तारखेच्या आसपासचा दुसराच एक दिवस निघाला. स्कॉलरशिपचे अर्ज आमच्याकडे राज्य सरकारच्या एसएसपी पोर्टलवर भरतात. नाडकचेरीतून, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयातून मिळालेल्या जातीच्या दाखल्यावर आरडी नंबर असतो, तो त्यात टाकावा लागतो. नंबर चुकला किंवा बँक खात्याला आधार जोडलेलं नसलं की अर्ज अडकतो. मुदत संपत आली होती. ऑफिसातले क्लार्क चालू तासाला यादी घेऊन वर्गात आले. "एससीच्या पोरांचं राहिलंय. नाव घेतलं की उभं राहायचं." हिचं आडनाव गावावरून आलेलं, त्यावरून काही कळत नाही. नाव घेतलं, ही उभी राहिली. पायरीवरच्या तिघी त्याच बाकांवर होत्या.

क्लार्क मराठी. त्या तिघीही मराठी. यात कन्नड कुठे होतं?

"मग आईला भाषेचं का सांगितलंस?"

"मी कुठं सांगितलं? तिनंच ठरवलं. सरांनी पण तेच लिहिलं. भाषेचं म्हटलं की पुढं कोण काही विचारत नाही, सगळ्यांना पटतं." आणि मग जरा चिडूनच, "कन्नड कळतं की मला. बसमध्ये, बाजारात बोलतेच की!"

इतक्या नेमकेपणाने ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही. आमच्याकडे कॉलेजातल्या विविधतेचा विषय निघाला की कन्नड-मराठीवर सुरू होऊन तिथेच संपतो. फार तर पारंपरिक वेशाचा दिवस होतो, इरकल आणि नऊवारी शेजारी शेजारी उभ्या करून फोटो काढतात. मराठीतल्या मराठीत कोण कुणाच्या डब्यात हात घालत नाही, हा प्रश्न त्या फोटोत येत नाही. ‘आपण आधीच कमी, त्यात आपसांत कशाला?’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या मराठी लोकांकडून ऐकलंय. बोलणारा कधीच पायरीवरून उठवलेला नसतो.

पुढे काय करायचं म्हटल्यावर तिने जी भीती सांगितली, ती जवळजवळ प्रत्येकाची असते. तक्रार केली तर इंटर्नलचे मार्क कापतील. शिवाय मैत्रिणी म्हणतील, बघा, लगेच कायदा काढला.

मी दोन गोष्टी वेगळ्या करून मांडल्या. मैत्रिणींनी डबा वाटून खावा, असा हुकूम कुठलंही कॉलेज काढू शकत नाही, आणि काढलाच तर ते जेवण घशाखाली उतरणार नाही. पण वर्गात नाव घेऊन उभं करणं हा कॉलेजचा कारभार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समानतेबद्दलचे २०१२ चे नियम आहेत. वर्गात विद्यार्थ्यांची जात, जमात, धर्म किंवा प्रदेश जाहीर करणं, ‘राखीववाले’ म्हणून शिक्का मारणं, हे त्यात भेदभाव म्हणून स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा, हेही त्यातच आहे. नियमांत भाषेचाही उल्लेख आहे, तेव्हा ज्यांचं दुखणं खरोखर भाषेचं आहे त्यांनाही दार तेच. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, हेही तिला सांगितलं. तो नको म्हणाली. कुठल्या दारात जायचं ते तिने ठरवायचं. समुपदेशकाने तिला ढकलायचं नाही, आणि समजुतीच्या नावाखाली अडवायचंही नाही.

मार्कांचं म्हणाल तर ती भीती ‘असं काही होत नाही’ म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. त्यावर रोखठोक उपाय आहेत. टेस्टचा पेपर तपासून मिळाला की फोटो काढून ठेवायचा. असाइनमेंट दिल्याची तारीख वहीत लिहायची. अर्ज द्यायचा तो दोन प्रतींत, एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. पोच घेतलेल्या अर्जानंतर मार्क अचानक खाली आले तर उत्तर कॉलेजला द्यावं लागतं. रडत तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पोच नसते.

अर्ज तिने मराठीत लिहिला. मराठीतला चालेल का, हा प्रश्न तिलाच पडला होता. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. कॉलेज खाजगी अनुदानित असल्यामुळे कलमाचा कीस पाडता आला असता, पण तशी वेळ आली नाही. गोकाककडच्या एक कन्नड मॅडम तिला अकाउंट्स शिकवतात. त्यांनी कन्नड भाषांतर स्वतः करून जोडलं. वाचताना एका ठिकाणी थांबून त्यांनी मला विचारलं, "हे उपवासाचं पण लिहू?" मुलगी नको म्हणाली. तेवढं वगळलं.

प्राचार्यांकडे मी तिच्या परवानगीनेच गेले. पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. "आमच्याकडे सगळ्यांना समान वागणूक आहे." असते, खरंच असते. पहिल्या तासाला दहा मिनिटं उशीर झाला की गैरहजेरी, हा नियमही सगळ्यांना सारखाच आहे. शहापुरातून स्कूटीवर येणाऱ्या मुलीला आणि पावसाळ्यात जांबोटी रस्त्यावर भरून आलेली बस न थांबता निघून गेली म्हणून पुढच्या बसची वाट बघणाऱ्या मुलीला, दोघींनाही. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. त्यांना हा हिशोब कुणी करून दाखवला नव्हता.

क्लार्कना बोलावलं. ते बिथरलेच. "मॅडम, डेट गेली असती तर याच पोरांचे पैसे बुडाले असते आणि बोलणी मला. फोन लावले तर उचलत नाहीत. मग करू काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. मुलांच्या पैशांसाठीच ते धावत होते, आणि त्या धावपळीत मुलांना वर्गापुढे उघडं पाडत होते. मी त्यांना एवढंच विचारलं, की थ्रीबीच्या मुलांचे अर्ज अडकले तेव्हाही वर्गात उभं केलं होतं का? कर्नाटकात मराठा समाज थ्रीबी प्रवर्गात येतो, त्यांचेही अर्ज त्याच पोर्टलवरून जातात. ते आठवत बसले. नव्हतं केलं. त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं होतं.

आता तिथे फलकावर फक्त रजिस्टर नंबर लागतात, प्रवर्ग न लिहिता, सगळ्यांचे एकत्र, ‘कार्यालयात भेटावे’ एवढंच. शिवाय प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळा मेसेज. एवढ्यासाठी लागला फक्त एक कागद. नंतर कधीतरी मुलीनेच सांगितलं, त्या खिडकीपुढच्या रांगेत उपवासवालीही होती. दोघी पुढे-मागे उभ्या होत्या, बोलल्या नाहीत.

त्या मैत्रिणी परत आल्या का, हे मला सगळेच विचारतात. एक आली, काही न बोलता शेजारी बसायला लागली. बाकी दोघी नाही आल्या. मुलगी आता बैलहोंगलच्या एका मुलीबरोबर जेवते, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. यावरून कन्नड चांगले आणि मराठी वाईट असं काही काढू नका. ती दुसऱ्या सेक्शनची आहे, यादी वाचली तेव्हा वर्गात नव्हती. पुढेमागे कळल्यावर काय होईल, याचा विचार मुलीने करून ठेवलाय. "कळू दे की. या वेळी मीच सांगीन."

आईला सांगायचं काम जास्त अवघड होतं. शिकलेल्या लोकांत असलं काही नसतं, असं आईने लहानपणापासून तिच्या मनावर बिंबवलं होतं, आणि आईचा तो भरवसा मोडायला ती तयार नव्हती. माझ्यासमोरच सांगितलं तिने, खाली बघत. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत न्हाई व्हय? मी बी फॅक्टरीत बाजूलाच बसतो की." पदराने तोंड पुसून पुढे, "तुला कळू नये म्हणून मी भाषेचं म्हणत हुतो."

मुलीला कॉलेजातून काढायचं की नाही, हा विषय तिथेच मिटला. ज्यांच्या घरी तो अजून चालू आहे, त्यांना मी म्हणते, कोल्हापूरला जरूर घाला, चांगली कॉलेजं आहेत. पण आधी मुलाला विचारा, कधीपासून बदललं, त्या आठवड्यात काय काय झालं, डबा कुणाबरोबर खातोस. भाषेचं दुखणं असेल तर ते हळूहळू आलेलं असतं आणि शिकवणी लावली, एखादा जोडीदार मिळाला की उतरायला लागतं. एखाद्या दिवसानंतर मूल एकदम गप्प झालं असेल तर त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं. आणि ते जर जातीवरून, धर्मावरून, बापाच्या धंद्यावरून घडलेलं असेल, तर ते कोल्हापुरातही भेटेल, तेही शुद्ध मराठीत.

या प्रकरणात आणखी एक माणूस होता. त्या कॉलेजात भेदभावाच्या तक्रारी ऐकण्याचं काम कागदावर एका गेस्ट लेक्चररकडे होतं. ते स्वतः एससी, म्हणून ते काम त्यांच्याकडे. स्कॉलरशिपचं मार्गदर्शनही त्यांच्याकडे, आंबेडकर जयंतीचं भाषणही त्यांच्याकडे. गेस्ट लेक्चररची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, आणि ती ज्यांच्या सहीने होते त्यांच्याच कारभाराविरुद्धच्या तक्रारी यांनी ऐकायच्या. व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "पोरगी आधी माझ्याकडेच आली होती मॅडम. मी म्हटलं, थोडं थांब." पुढे काही बोलले नाहीत. मला विचारावंसंही वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे.

हे मात्र मी प्राचार्यांना स्वतःहून लिहून दिलं, पोच घेऊन. हे पद कायम नोकरीतल्या, ज्येष्ठ आणि नेमणुकीची टांगती तलवार नसलेल्या माणसाकडे हवं. दोन-तीन बैठका झाल्या. शेवटी ते एका ज्येष्ठ प्राध्यापिकेकडे गेलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मलाच का? माझ्याकडे आधीच एनएसएस आहे." काम मात्र घेतलं त्यांनी. गेस्ट लेक्चरर सर सदस्य म्हणून अजून समितीत आहेत, कारण जुन्या फायली कुठल्या कपाटात आहेत ते फक्त त्यांनाच माहीत आहे.