सोनोग्राफीत परत ग्रेड २ च आलं, मग वजन कमी करून काय उपयोग?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मिस्टरांना (वय ४६) सोनोग्राफीत ग्रेड २ (मध्यम) फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमधे चरबी, निघालं. सहा महिने गोड बंद, रोज चालणं, ८४ वरून ७८ किलोवर आले. परवा दुसऱ्या सेंटरला सोनोग्राफी केली तर परत ग्रेड २ च! आता चालणंही सोडलंय त्यांनी. कोणी एमआरआय सांगतं, कोणी फायब्रोस्कॅन, जाऊबाई म्हणतात सुई घालून तुकडा काढतात. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी त्यांना चालायला पाठवा, बाकीचं नंतर वाचा. ६ किलो म्हणजे वजनाच्या ७ टक्के उतरलेत, एवढ्याने लिव्हरची चरबी बहुतेकांची कमी होतेच.

सोनोग्राफी चरबी मोजत नाही हो. लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा किती पांढरं दिसतंय ते बघून डॉक्टर नजरेने ग्रेड देतात, त्यामुळे मशीन बदललं, बघणारा बदलला की ग्रेडही बदलू शकते आणि थोडीफार चरबी उतरली तर सोनोग्राफीत ते कळतही नाही.

आकडा हवा तर फायब्रोस्कॅन करा, लिव्हरची चरबी आणि कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी. उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांच्या मधे जेल लावून टिचकी मारल्यासारखे दहाएक ठोके देतात, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत मोकळे. फक्त आधी किमान तीन तास पोटात काही नको, चहासुद्धा नाही, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. रिपोर्टवर दोन आकडे असतात. कॅप म्हणजे चरबी, १०० ते ४०० मधे, साधारण २५० च्या पुढे गेला की चरबी आहे असं धरतात. दुसरा किलोपास्कलमधे, लिव्हर किती कडक झालंय त्याचा, आणि मला काळजी याच आकड्याची असते, कारण चरबी उतरते पण कडकपणा वाढत गेला तर पुढे सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होणं. ८ च्या खाली असेल तर बरंचसं निर्धास्त राहा.

एमआरआयची पीडीएफएफ तपासणी सगळ्यात अचूक, पाण्याचा आणि चरबीचा सिग्नल वेगळा करून थेट टक्के सांगते, ५ च्या वर म्हणजे फॅटी. पण महाग आहे आणि तुम्हाला आत्ता गरज वाटत नाही. सुईची तर नाहीच.

फायब्रोस्कॅनच्या आधी साध्या रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरची एन्झाइम्स), प्लेटलेट आणि वय घेऊन डॉक्टरांकडून फिब-४, म्हणजे लिव्हरच्या कडकपणाचा अंदाज देणारा आकडा, काढून घ्या, १.३ च्या खाली आला तर फायब्रोस्कॅनचीही घाई नको. आणि केलंत तर पुढच्या वेळी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, जुना रिपोर्ट घेऊन जा.