नातवंडांना (६ आणि १० वर्षे) जेवणातून इतर संस्कृतींची ओळख कशी करून द्यावी? आम्ही इंदूरला राहतो.

आधी गावातूनच सुरुवात करा. सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, सगळे जातात, पण तिथे मुलं चटपटीत खाऊन मोकळी होतात. त्यापेक्षा एखाद्या बोहरी (बोहरा मुस्लिम) स्नेह्यांकडे जेवायचा योग जुळवा. मोठ्या थाळाभोवती सगळे गोल बसतात, चिमूटभर मीठ जिभेला लावून सुरुवात, मग गोड, मग तिखट, शेवटी पुन्हा मीठ. गोड आधी म्हटल्यावर नातवंडं खूश! (शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा.)

परदेशाचं म्हणाल तर माझं मत इथिओपियाला. पिझ्झा-पास्ता मुलांना काय नवीन? तिथला इंजेरा टेफ या बारीक दाण्याच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा, एकाच बाजूने भाजलेला, वर जाळी पडलेला, आपल्या आंबोळीसारखा. टेफ नसेल तर ज्वारी घ्या, तिकडेही घेतात. मुळात ज्वारी आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, हे थोरल्याला नकाशावर दाखवा. सोबत मसूर डाळ: कांदा तांबूस होईपर्यंत परता, मग लसूण, आलं, लाल तिखट, मेथीदाण्याची पूड. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवारच्या उपासाला दूध-तूपही खात नाहीत, म्हणून शाकाहारी पदार्थ भरपूर.

ताट मात्र एकच ठेवा. आणि एकमेकांना घास भरवा, तिकडे त्याला गुर्शा म्हणतात. धाकट्याला हेच सगळ्यात आवडेल, घास मात्र बेताचा घ्यायला सांगा, नाहीतर आजोबांना ठसका लागायचा.