इमारती आणि कायदा यांवर लिहून पत्रकारितेत करिअर होतं का?

होतं. मी मुंबईत हेच करतो. बी.आर्क. झाल्यावर त्यासाठी एलएलबीही करावं लागेल का, असं तुम्ही विचारलं आहे. गरज नाही. पण नियमावली वाचायची सवय लावून घ्या, आणि वाचताना इमारत डोळ्यांपुढे उभी राहू द्या. तुमची पदवी नेमकी तिथे कामाला येईल.

२०१२ च्या आधीचे मुंबईतले टॉवर बघा. खिडक्यांबाहेर फ्लॉवर बेड, बाल्कन्या, कोनाडे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जागा एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात ठरणाऱ्या बांधकाम क्षेत्रात, धरत नसत, म्हणून नकाशात त्या भरपूर असायच्या आणि पुढे बऱ्याच ठिकाणी खोलीतच घेतल्या जायच्या. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. या जागा मोजल्या जाऊ लागल्या आणि त्याऐवजी घरांसाठी प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे घरात हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय मिळू लागला. इमारतींचे चेहरे बदलले ते त्यामुळे. हे वाचकाला समजावून सांगणारं मराठीत फार कमी लिहिलं जातं, याची मला मनापासून खंत वाटते.

आणि गिरण्यांच्या जमिनी! १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जागेवर नवं बांधकाम करताना साधारण एक-तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी पालिकेला, तेवढीच घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीत शेडच शेड, रिकामी जमीन असणार किती? उच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल दुरुस्तीला आव्हान देणाऱ्यांच्या बाजूने लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निकालाच्या दिवशी सगळेच लिहितात. माझ्या मते खरी बातमी २००१ ची होती, राजपत्रातल्या त्या काही ओळींची.

म्हणून राजपत्र वाचा. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास नियमांत बदल करायचा असेल तर आधी मसुदा जाहीर करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या मुदतीत लिहिलं तर लोकांना हरकत तरी घेता येते. नंतर लिहिलं तर फक्त नोंद राहते.

नोकरीचं म्हणाल, तर केवळ या विषयासाठी नेमलेला बातमीदार मराठी वृत्तपत्रात सहसा नसतो. महापालिका किंवा न्यायालयाचं बीट मागून घ्या. पगार सुरुवातीला आर्किटेक्टच्या ऑफिसपेक्षा फार वेगळा नसतो, म्हणजे दोन्हीकडे कमीच. तुमच्या वॉर्डातली पुनर्विकासाला निघालेली एखादी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) चाळ निवडा. तिचे मंजूर नकाशे, आयओडी (पालिकेची अटींसह मंजुरी) आणि सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) माहिती अधिकारात मागवा, भाडेकरूंशी बोला आणि त्यांना कबूल केलेलं क्षेत्रफळ नकाशात खरंच आहे का, हे स्वतः मोजून बघा. मोजमाप करता येणारे बातमीदार न्यूजरूममध्ये क्वचितच असतात. पहिला लेख त्यावरच लिहा.