प्लायवूड कापण्याआधी

अरे, स्पीकरचं खोकं बनवतोयस तर आधी ड्रायव्हरची, म्हणजे त्यात बसवायच्या आवाज काढणाऱ्या भागाची, डेटाशीट उघड. त्यातला क्यूटीएस (ड्रायव्हरचं हलणं किती लवकर शमतं, ते सांगणारा आकडा) ०.४च्या बराच वर असेल तर बंद खोकं कर, ०.३ ते ०.४ असेल तर पोर्ट, म्हणजे खोक्याला हवेची नळी, जमतो. खोक्याचं आकारमान चुकलं की चांगला वूफरही घुमतो.

आकार मात्र घनाचा नको. माझी पहिली जोडी तशीच होती, आतून तिन्ही बाजू ३० सेंमी. तिन्ही दिशांच्या स्थिर लहरी (समोरासमोरच्या भिंतींत अडकलेल्या आवाजाच्या लहरी) साधारण ५७० हर्ट्झला एकत्र आल्या आणि गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. लोकर भरूनही पुरता गेला नाही.

ड्रायव्हरही फळीच्या अगदी मधोमध बसवू नकोस. कडांवरचं विवर्तन, म्हणजे आवाजाचं कडेपाशी वळून पसरणं, एकाच वारंवारतेपाशी साचतं. अमेरिकी ध्वनी-अभियंते हॅरी ओल्सन यांच्या प्रयोगांत चेंडूसारखं गोल खोकं सर्वांत सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने देणारं, ठरलं होतं. ते घरी अवघड, पण पुढच्या कडा रंध्याने गोलसर कर.