पुरात जुनं पाणी कसं? आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न (वाळपई): सर, रात्रभर धो धो पडला, सकाळी म्हादई दुथडी भरलेली. म्हणजे रात्रीचंच पाणी ना ते?

उत्तर: पाऊस रात्रीचा, पण पाणी बरंचसं जुनं असू शकतं, आधी मुरलेलं. कळतं कसं, तर पाण्यात थोडासा जड ऑक्सिजन-१८ असतो, त्याचं प्रमाण प्रत्येक सरीत जरा वेगळं, आणि जमिनीतलं पाणी मात्र मिसळून मिसळून एकसारखं झालेलं. मग पाऊस, विहीर, नदी तिन्हीकडच्या बाटल्या भरायच्या, लॅबमध्ये तपासायच्या आणि हिशोब मांडायचा. कॅनडात स्क्लॅश आणि फार्वोल्डन या दोन शास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच केलं तर पुरातला मोठा वाटा भूजलाचा निघाला. टाकीचा नळ सोडला की आधी पाईपातलंच पाणी येतं ना, तसं नवा पाऊस वरून दाबतो आणि नदीकाठचं जुनं बाहेर पडतं.

आता तुम्ही म्हणाल मग पाणी लाल का? अहो, उघड्या मातीवरून थोडंसं जरी वाहिलं तरी सगळी नदी रंगते, रंगावरून पाण्याचं वय ठरत नाही. हां, हे सगळं रानाच्या डोंगराचं. काँक्रीटवरून येतं ते ताजंच.

प्रश्न (पेडणे): सड्याखालची (डोंगरावरच्या कातळी पठाराखालची) झर आधी मेपर्यंत वाहायची, आता फेब्रुवारीतच संपते. शेजाऱ्याची बोरवेल कारण?

उत्तर: असेलही, पण शेजाऱ्याशी भांडायच्या आधी एकदा सड्यावर चढून बघा. तिथला जांभा दगड सगळा भोकाभोकांचा, पाणी पिऊन घेतो, खाली चिकट मातीचा थर लागला की ते आडवं सरकत उतारावर झर होऊन निघतं. वर प्लॉट पाडले, रस्ता केला, चिरेखाण काढली की मुरणंच कमी, मग फेब्रुवारीत यायचं कुठून? बोरवेल बऱ्याचदा खालच्या कातळात असते, तिचा झरीशी संबंध असेलच असं नाही. पंप चालू असताना आणि बंद असताना झरीखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा, अंदाज येईल.

प्रश्न (दिवाडी): मेमध्ये विहीर खारी लागते, पावसाळ्यात गोड. का?

उत्तर: उन्हाळ्यात मांडवीत वरून येणारं पाणी नावापुरतं, भरतीचा जोर मात्र पार आत गांजे गावापर्यंत पोचतो, त्यात तुम्ही राहता बेटावर. गोडं पाणी हलकं, खाऱ्यावर तरंगतं, जास्त उपसलं की खालचं वर येतं. मेमध्ये पंप थोडा थोडा चालवा, मध्ये विहिरीला भरू द्या.