आईची ग्रीन कार्डची पिटिशन दोनदा नाकारली, आता पुन्हा भरावी की अपील करावं?

भाऊ अमेरिकेचा नागरिक, आई इथं कोल्हापुरात आणि तिच्यासाठी भरलेला आय-१३० (नातेवाईकाच्या ग्रीन कार्डसाठीचा पिटिशनचा फॉर्म) दोनदा नाकारलेला, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. भरा तिसऱ्यांदा. कितीदा भरावा यावर बंधन नाही, फी तेवढी नव्यानं जाते. पण आधी नकाराचं पत्र नीट वाचा. आम्ही पहिलं पत्र रागानं फायलीत खुपसलं आणि तेच कागद परत पाठवले.

आक्षेप एकच होता: ही बाई याची आई कशावरून? दादाचा जन्म १९६८चा, करवीर तालुक्यात, घरीच झालेला. जन्मदाखला काढला तो ४० वर्षांनी, कोर्टाच्या हुकमानं. एवढ्या उशिरा झालेल्या नोंदीला तिकडे वजन कमी. जोडीला मामा-काकांची अ‍ॅफिडेव्हिटं, तीही ताजीच. वर आईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. तांदळात अंगठीनं लिहिलेल्या नावाचा दाखला कुठून आणायचा, सांगा!

मग जुने कागद शोधायला लागलो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची, नक्कल काढली. त्यात वडिलांचं नाव, ‘मुलगा’ आणि तारीख, बस्स. शाळेच्या जनरल रजिस्टरातही आई नाही. खरं काम केलं वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या नॉमिनेशन फॉर्मनं. साखर कारखान्याच्या कपाटात निघाला, १९७४चा, पिवळा पडलेला. बायको आणि तिन्ही पोरं, वयांसकट. सोबत जुनं रेशन कार्ड. दोन्ही नावांची बाई एकच, हे मावशीनं लिहून दिलं. नाव बदललं तेव्हा ती मांडवातच होती. प्रत्येक मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचा सहीचा दाखला जोडला.

डीएनए चाचणीचीही तयारी ठेवली होती, लागली नाही. ती ऐच्छिक असते, पण एएबीबी या अमेरिकी संस्थेची मान्यता असलेल्या लॅबमधूनच करावी लागते.

अपील बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे, ३० दिवसांत. दिलेलाच कागद अधिकाऱ्यानं चुकीचा वाचला असेल तर ते करा. नवे कागद हाती आले असतील तर माझ्या मते नवा अर्जच बरा. आधीच्या पिटिशनचं काय झालं ते फॉर्मात विचारतात, तिथं दोन्ही नकार सरळ लिहा.

पत्रात फसवणुकीचा ठपका असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, आधी तिकडचा इमिग्रेशन वकील गाठा.